फ्लेवर्ड ग्रीन टी आणि व्हाइट टी: तुलना करायची तरी कशी?

घोटभर (धागाकर्ता)

सहा नमुने शेजारी शेजारी ठेवून चाखायचे आहेत. ग्रीनमध्ये मोगरा (म्हणजे जास्मिन), पुदिना आणि लिंबू-आलं. व्हाइटमध्ये पीच, गुलाब आणि एक जास्मिन सिल्व्हर नीडल. सगळी सुटी पानं, टी-बॅग एकही नाही.

अडचण अशी की कशाही क्रमाने घ्या, पुदिना आणि लिंबू-आलं बाजी मारून जातात आणि व्हाइट टी म्हणजे नुसतं वासाचं गरम पाणी वाटतं. हा त्या चहाचा दोष की चाखण्याच्या पद्धतीचा? जाणकारांना तीन प्रश्न:

१. सगळ्यांना एकच माप, तापमान आणि वेळ द्यावी की ज्याला जे मानवतं ते?
२. क्रम काय ठेवावा?
३. गुण नेमके कशाला द्यायचे? फ्लेवर झकास आणि खालचा चहा भिकार असेल तर?

दूध-साखरेचा विषय काढणाऱ्यांना आधीच साष्टांग नमस्कार.

चहाटळ

गुण डब्याला द्या. फ्लेवर्ड चहात सगळ्यात जास्त मेहनत बहुधा तिथेच घेतलेली असते.

मोजमाप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८० पासून आहे, २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती, पाणी उकळतं, वेळ ६ मिनिटं, भांडं चिनी मातीचं. याचा उद्देश चविष्ट चहा करणं हा नाहीच. दोन नमुन्यांतला फरक उघडा पाडणं हा आहे. सहा मिनिटं उकळत्या पाण्यात राहिल्यावर कुठलाही दोष लपत नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यांना एकच माप, एकच तापमान, एकच वेळ. एकाला ७५ अंश आणि दुसऱ्याला ९० दिलंत की तुम्ही चहाची नाही, पाण्याची तुलना करताय.

आणि चमच्याने मोजू नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा वापरा. व्हाइट टीची पानं वळलेली नसतात, त्यामुळे ती फुगीर आणि हलकी असतात. ज्या चमच्यात गोळीसारखा वळलेला ग्रीन टी ३ ग्रॅम बसेल, त्यात व्हाइट टी जेमतेम १ ग्रॅम बसतो. 'वासाचं गरम पाणी' या तक्रारीचं निम्मं उत्तर इथेच असू शकतं.

चहाटळ

अवांतर: याच मानकाचं ब्रिटिश भावंड, बीएस ६००८, याला १९९९ चं साहित्याचं इग नोबेल (नोबेलची गमतीदार नक्कल) मिळालेलं आहे. चहा कसा करावा यावर सहा पानं. आपला धागा त्याहून मोठा होणार याची मला खात्री आहे.

पानपारखी

मोजमाप यांच्याशी अर्धाच सहमत. आयएसओची पद्धत खरेदीदारासाठी आहे. शंभर नमुन्यांतून दोषी माल बाजूला काढायला ती उत्तम. फ्लेवर्ड चहाला उकळतं पाणी आणि सहा मिनिटं दिली की दोन गोष्टी होतात. ग्रीन टीतली कॅटेचिनं आणि कॅफिन भरभरून उतरतात, म्हणजे कडू-तुरटपणा शिगेला पोचतो. आणि वरचे हलके सुवास पहिल्या दोन-तीन मिनिटांत वाफेबरोबर उडून जातात. मग कपात उरतो कडवटपणा आणि फ्लेवरचा जड भाग. ही तुलना कोणाच्याच कामाची नाही.

थिॲनिन, म्हणजे ज्याच्यामुळे ग्रीन टीला ती मांसल, गोडसर चव येते ते अमिनो आम्ल, कमी तापमानालाही सहज विरघळतं. कॅटेचिनांना उष्णता लागते. ग्रीन टीला ७०-८० अंश सांगतात ते याच हिशेबाने. व्हाइट टीचं उलटं. पान वळलेलं नसल्यामुळे पेशी फुटलेल्या नसतात, पाणी आत शिरायला वेळ लागतो. त्याला ७५ अंशांवर २ मिनिटं दिलीत तर तो अजून उठलेलासुद्धा नसतो. ८५ ते ९० अंश आणि ४-५ मिनिटं द्या. घोटभर, तुम्ही सगळ्यांना ग्रीन टीचं पाणी देत असाल तर व्हाइट टी हरणारच.

मोजमाप

मान्य, पण मग तुलना कसली करताय ते आधी ठरवा. 'कुठला चहा जास्त चांगला बनलाय' हा एक प्रश्न आणि 'कुठला प्यायला जास्त आवडतो' हा दुसरा. पहिल्याला एकच माप हवं, दुसऱ्याला ज्याचं त्याचं. दोन्हींची खिचडी केली की हाती काही लागत नाही.

दरवळ

या भांडणावर तोडगा आहे, तोही फुलांच्या चहासाठीच बनवलेला. चिनी मूल्यमापनात पत्ती ३ ग्रॅम आणि पाणी १५० मिली असतं. सुवासिक फुलांच्या चहाला दोनदा पाणी देतात. पहिलं ३ मिनिटांचं, त्यात सुवास किती ताजा आणि टवटवीत आहे ते बघायचं. दुसरं ५ मिनिटांचं, त्यात सुवास किती खोल आहे, टिकतो का, निर्मळ आहे का ते बघायचं.

आणि एक महत्त्वाची पायरी: चाखण्याआधी पत्तीतली सुकी फुलं वेचून बाजूला काढायची. चिमट्याने, एकूण एक. सुकलेल्या फुलात सुवास फारसा उरलेला नसतो, तो चहाने आधीच ओढून घेतलेला असतो. उरतो तो चोथ्याचा कडवटपणा. गुलाबाच्या पाकळ्यांत तर स्वतःचं टॅनिन असतं, तुरटपणा पाकळीचा आणि बदनामी पानाची. डब्यात फुलं भरपूर दिसतात म्हणून चहा भारी, हा समज डोक्यातून काढून टाका. उंची जास्मिनमध्ये बऱ्याचदा फूल औषधालासुद्धा सापडत नाही.

वाफाळ

दरवळ, फूल सापडत नाही तर मग वास येतो कुठून? आणि चांगला जास्मिन नि फवारलेला जास्मिन ओळखायचा कसा, तेही सांगा की.

दरवळ

जास्मिन म्हणजे आपला मोगरा, जास्मिनम सांबॅक. दुपारी टपोऱ्या पण मिटलेल्या कळ्या तोडतात. त्या संध्याकाळनंतर उमलतात आणि सुवास खरा तेव्हाच सुटतो. उमलू लागलेली फुलं आणि तयार ग्रीन टी यांचे थर लावून ढीग करतात. फुलं जिवंत असतात, श्वसन करतात, म्हणून ढीग तापतो. फार तापला तर फुलं शिजतात आणि वास कुबट होतो, म्हणून मध्येच ढीग मोडून पसरतात, गार करतात आणि पुन्हा लावतात. पहाटे फुलं चाळून काढायची. चहाने सुवासाबरोबर फुलातलं पाणीही ओढलेलं असतं, त्यामुळे तो पुन्हा वाळवायचा. वाळवला की पुढच्या रात्री ताजी फुलं. साध्या मालाला हे एक-दोनदा, उंची मालाला पाच-सहा वेळा किंवा त्याहूनही जास्त. सगळी फुलं मिळून वजन चहाइतकं किंवा त्याच्याही वर जातं. शेवटची फेरी थोड्याच फुलांची, आणि तिच्यानंतर वाळवत नाहीत. त्यामुळे वरचा ताजेपणा टिकतो.

फूजियान प्रांतातल्या फुचौची ही पद्धत २०१४ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशांच्या यादीत आली. आज चीनमधला बहुतेक मोगरा मात्र ग्वांग्शीतल्या हंगचौमध्ये पिकतो.

आता ओळख. फवारलेल्या चहाचा वास डबा उघडल्या उघडल्या अंगावर येतो. पहिल्या पाण्यात तो जोरात असतो, दुसऱ्यात एकदम बसतो आणि तिसऱ्यात साधा ग्रीन टी उरतो. फुलांत मुरवलेल्या चहाचा कोरडा वास बेताचा, पण तिसऱ्या पाण्यातही मोगरा ओळखू येतो. शिवाय तो नाकापेक्षा घोट गिळल्यावर घशातून जास्त जाणवतो.

आणखी एक खोड सांगते. फुलांचा खर्च वाचवायला मोगऱ्याआधी पांढऱ्या सोनचाफ्याच्या फुलांचा हलका हात देतात. योग्य प्रमाणात दिला तर मोगरा भरदार वाटतो. जास्त झाला की चाफाच वर येतो, जड आणि किंचित गुळचट. मोगऱ्याच्या चहाला चाफ्याचा वास येणं हा चिनी मूल्यमापनात नोंदवण्याजोगा दोष आहे.

चहाटळ

म्हणजे चहासुद्धा गजरा माळून येतो आणि तोही भेसळीचा. वाचतोय, चालू द्या.

पानपारखी

घोटभर यांच्या यादीतली एक गोष्ट खटकते आहे. 'जास्मिन सिल्व्हर नीडल' व्हाइटमध्ये कशी? सिल्व्हर नीडल म्हणजे फूजियानमधल्या फूडिंग आणि चंगह भागातला, फक्त कळ्यांचा व्हाइट टी. तो नुसता कोमेजवतात आणि वाळवतात. भाजणं नाही, वाफवणं नाही. पण जास्मिन सिल्व्हर नीडल म्हणून जे मिळतं, त्यात कळ्या त्याच जातीच्या असल्या तरी बऱ्याचदा त्यांना ग्रीन टीची प्रक्रिया दिलेली असते. आधी उष्णता देऊन विकरं (एन्झाइम) मारायची, मग वाळवायचं, मग मोगऱ्यात मुरवायचं. दिसायला तेवढीच रुपेरी, तेवढीच लव.

ओळखायचं असेल तर पहिलं पाणी झालं की चोथा पांढऱ्या बशीत पसरा. सगळ्या कळ्या एकसारख्या पोपटी-हिरव्या दिसल्या तर तो ग्रीन टी. राखाडी-हिरवट, मधूनच तपकिरी झाक, देठाशी लालसर, असा मिश्र रंग असेल तर व्हाइट. कोमेजताना थोडं ऑक्सिडेशन झालेलं असतं, त्याची ती खूण.

घोटभर

हे माहीत नव्हतं. डब्यावर व्हाइट टी असंच लिहिलंय. चोथा बघून सांगतो.

निथळ

पाण्याबद्दल अजून कोणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. कपात नव्याण्णव टक्के तेच आहे.

जड पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतात, त्यांनी सामू (पीएच) वाढतो. चहाचा रंग गडद पिवळट होतो, वर पातळ साय धरते आणि फुलांचे सुवास बोथट होतात. व्हाइट टीचं तर त्यात पार वाटोळं होतं. उलट टोक म्हणजे आरओचं अगदी रिकामं पाणी. त्यात चहा टोकदार आणि पोकळ लागतो. विरघळलेले क्षार ५० ते १५० पीपीएमच्या आसपास असलेलं पाणी घ्या, म्हणजे दोन्ही प्रकार बोलके होतात. फिल्टरचं पाणी फारच रिकामं असेल तर त्यात थोडं साधं पाणी मिसळून टीडीएस मीटरने बघा. मीटर क्षार कुठले आहेत हे सांगत नाही, तेव्हा त्याचा आकडा म्हणजे अंदाज. किटलीत खाली पांढरा थर पटकन साचत असेल तर पाणी जड आहे हे मीटरशिवायही कळतं.

दुसरं, सहाही कपांना एकाच वेळी उकळलेलं पाणी. आणि कप आधी गरम पाण्याने विसळून घ्या. थंड, जाड कपात ८० अंशांचं पाणी ओतलंत तर ते ८० राहत नाही.

गाळणी

+१. आणि भांडी! पुदिन्याचा चहा ज्या सिलिकॉनच्या गाळणीतून गेला, तिच्यात नंतर व्हाइट टी गाळला तर पुदिनाच पितोय असं वाटेल. सिलिकॉन आणि प्लॅस्टिक वास धरून ठेवतात, बिनझिलईची मातीची किटली तर त्याहून जास्त. फ्लेवर्ड चहाला फक्त काच, झिलईचं चिनी मातीचं भांडं किंवा स्टील. वासाचा साबण वापरायचा नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून भिजत ठेवायचं, मग स्वच्छ विसळायचं. धुतलेलं भांडं कोरडं झाल्यावर रिकाम्या कपात नाक घालून बघा. वास आला तर पुन्हा धुवा.

रसना

तिसऱ्या प्रश्नावर येते, कारण खरी मेख तिथेच आहे. फ्लेवर्ड चहा म्हणजे दोन वस्तू एका कपात. त्यांना वेगळं केल्याशिवाय गुण देताच येत नाहीत. वेगळं करायला दोन सोपे उपाय आहेत.

पहिला: नाक चिमटीत धरून घोट घ्या, तोंडात फिरवा. नाक बंद असेपर्यंत फक्त गोड, कडू, आंबट, थिॲनिनची मांसल चव, तुरटपणा आणि घोटाचा भरीवपणा कळतो. हा पानाचा भाग. आंबट किंवा ठळक गोड लागलं तर मात्र तो पानाचा नसून मिसळलेल्या जिनसांचा. आता घोट गिळून नाक सोडा. जे एकदम उमलतं तो सुवास, म्हणजे मुख्यतः फ्लेवर. नाक बंद असताना तोंडात काहीच नाही आणि सोडल्यावर पीचचा भडिमार, असं झालं तर खालचा चहा कशातच जमा नाही.

दुसरा: प्रत्येक गटाला एक साधा कप जोडा. ग्रीनसाठी बिनफ्लेवरचा ग्रीन, व्हाइटसाठी बिनफ्लेवरचा बाय मू दान, म्हणजे एक कळी आणि वरची एक-दोन पानं असलेला व्हाइट टी. वजन, पाणी, वेळ तेच. आधी साधा चाखायचा, मग फ्लेवरचा, मग पुन्हा साधा. फ्लेवरने चहाला काय दिलं आणि काय झाकलं, हे त्याशिवाय कळत नाही.

मोजमाप

हे आवडलं. साधा कप म्हणजे तुलनेचा पाया. फक्त साध्याची आणि फ्लेवरच्याची पानं साधारण एकाच आकाराची घ्या. एक अख्खं आणि दुसरं चुरा असेल तर चुऱ्यातून अर्क झपाट्याने उतरतो आणि सगळा हिशेब बिघडतो.

वाफाळ

पीच व्हाइट टीबद्दल थोडं. लोक म्हणतात वास गोड येतो पण चव फिकी. कारण सरळ आहे. पीचचा वास मुख्यतः लॅक्टोन गटातल्या द्रव्यांचा, आणि तो आला की मेंदू साखर आणि थोडं आंबट यांची वाट बघत बसतो. चहात दोन्ही नाही, मग पोकळी जाणवते. ती भरायला उत्पादक सफरचंदाचे तुकडे, ज्येष्ठमध किंवा स्टीव्हियाची पानं घालतात. ज्येष्ठमधाची खूण म्हणजे गोडवा घोट गिळल्यानंतर उशिरा येतो आणि घशात चिकटून बसतो. गुलाबी रंग आणि आंबटपणा असेल तर समजा हिबिस्कस पडलंय. व्हाइट टीसोबत हिबिस्कस म्हणजे माझ्या मते निव्वळ अत्याचार. त्याच्या आम्लापुढे त्या बिचाऱ्या पानाचं काहीही चालत नाही.

चहाटळ

'बिचाऱ्या पानाचं'. व्हाइट टी संरक्षण समिती कधी स्थापन करायची? मी खजिनदार. (हलके घ्या.)

दरवळ

पीचवरून आठवलं, ओस्मँथस या फुलाचा ग्रीन टी कोणाला पीच किंवा जर्दाळूसारखा लागतो तो भास नव्हे. पीचमधलं गॅमा-डेकालॅक्टोन त्या फुलातही असतं. त्यात बीटा-आयोनोनही असतं आणि गंमत तिथे आहे. बीटा-आयोनोनचा वास सगळ्यांना सारखा येत नाही, कारण तो ओळखणाऱ्या नाकातल्या रिसेप्टरच्या जनुकात माणसागणिक फरक असतो. एकाला व्हायोलेटच्या फुलाचा सुवास येतो, दुसऱ्याला काहीतरी आंबूस लागतं. तेव्हा दोन जाणकार ओस्मँथसवरून हमरीतुमरीवर आले तर दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता आहे.

पानपारखी

हे अगदी खरं. म्हणून नोंदीत 'छान' आणि 'वाईट' लिहू नये. काय जाणवलं, कधी जाणवलं आणि किती टिकलं ते लिहावं.

निवांत

एक शंका. व्हाइट टीत कॅफिन नगण्य असतं ना? मग रात्री चाखले तरी चालतील?

मोजमाप

नाही. हा समज फार पसरलाय. कोवळ्या कळीत कॅफिन उलट जास्त असतं आणि सिल्व्हर नीडल म्हणजे नुसत्या कळ्याच. कपात कमी उतरतं ते कमी वजन, कमी तापमान आणि न वळलेलं पान यामुळे. ३ ग्रॅमला ९० अंश आणि ५ मिनिटं दिलीत तर झोपेचा भरवसा देता येत नाही. सहा नमुने, दोन-दोन पाणी, वर साधे कप. घोट थुंकायला एक भांडं ठेवा. व्यावसायिक चाखणारेही थुंकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रसना

आता क्रम. मूळ नियम असा की जे जिभेवर आणि नाकात रेंगाळतं ते शेवटी. साधा व्हाइट, गुलाब, पीच, मग साधा ग्रीन, मोगरा, मग लिंबू-आलं आणि अगदी शेवटी पुदिना.

पुदिना शेवटी का? पेपरमिंटमधला मेंथॉल नुसता वास नाही, तो थंडी जाणवून देणाऱ्या रिसेप्टरांना चाळवतो. त्याच्यानंतर पंधरा मिनिटं बाकी सगळं सपाट लागतं. डब्यावर कुठला मिंट लिहिलाय ते बघा. स्पिअरमिंटमध्ये मुख्य द्रव्य कार्व्होन असतं, त्याचा थंडावा बराच सौम्य. मोरोक्कन पद्धतीत गनपावडर (गोळीसारखा वळलेल्या) ग्रीन टीबरोबर स्पिअरमिंटच असतो. तसं असेल तर पुदिना आल्याच्या आधी घेतला तरी चालेल. वाळलेल्या आल्यात शोगाओल असतं आणि ते ताज्या आल्यातल्या जिंजरॉलपेक्षा तिखट, तेव्हा आल्याला हलक्यात घेऊ नका.

वाफाळ

लिंबाबाबत एक सावधगिरी. लिंबाच्या तेलात मुख्य असतं लिमोनीन आणि हवा लागून ते बिघडतं. डबा जुना असेल तर टर्पेंटाइनकडे झुकणारा वास येतो. बऱ्याच 'लेमन' चहात लिंबू कमी आणि गवती चहा जास्त असतो. लिंबाच्या वासाची ओळख ज्या सिट्रलमुळे होते, ते गवती चहाच्या तेलात लिंबाच्या तेलापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि सुक्या पानात टिकतंही बरं. त्यामुळे घटकांची यादी बघूनच मत बनवा. लिंबाचं वाटून मत देत असाल गवताला.

गाळणी

यादीवरून: युरोपीय नियमांत 'नॅचरल पीच फ्लेवरिंग' असं लिहायचं असेल तर फ्लेवरच्या सुवासिक भागापैकी किमान ९५ टक्के पीचमधूनच यावा लागतो. नुसतं 'नॅचरल फ्लेवरिंग' लिहिलं असेल तर तो नैसर्गिक खरा, पण पीचमधूनच आला असेल असं नाही. नुसतं 'फ्लेवरिंग' असेल तर काहीही. चवीत याचा अर्थ वाईट असाच होतो असं नाही, पण वाचून ठेवायला हरकत नाही.

निथळ

मधल्या वेळात नाक थकतं त्याचं काय? एकच सुवास सतत घेतला की तो जाणवेनासा होतो. कॉफीचे दाणे हुंगण्याची फॅशन आहे, त्याने आणखी एक उग्र वास नाकात जातो, एवढंच. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, अर्थात अत्तर लावलेलं नसेल तर. तोंडासाठी खोलीच्या तापमानाचं पाणी. दोन नमुन्यांत किमान दोन-तीन मिनिटं, लिंबू-आलं आणि पुदिन्याच्या आधी दहा.

पानपारखी

आणि उकळतं चाखू नका. फार गरम घोटात जीभ निम्मी बधिर असते. कप ५०-५५ अंशांवर आला की चाखा, मग पूर्ण कोमट झाल्यावर पुन्हा. स्वस्तातला फ्लेवर थंड होताना उघडा पडतो. साबणासारखी नाहीतर मेणचट चव मागे उरते. चांगला मोगरा कोमट झाल्यावर उलट जास्त गोड लागतो.

निवांत

'गेनमाईचा' हा भाजक्या तांदळाचा जपानी ग्रीन टी फ्लेवर्ड म्हणायचा का? की धाग्याबाहेर?

दरवळ

भाजलेला तांदूळ घातलाय म्हणजे मिश्रण झालं, फवारा नाही. घ्या की आत. फक्त लक्षात ठेवा, तांदूळ साधारण निम्म्या वजनाचा असतो. ३ ग्रॅम घेतलात तर पान दीडच ग्रॅम. इतरांशी तुलना करायची तर वजन त्या हिशेबाने वाढवा. पाणीही जरा गरम, ८५-९० अंश. भाजका वास त्याशिवाय सुटत नाही.

विषय निघालाच आहे तर व्हिएतनाममधला कमळाचा चहाही घ्या. हनोईच्या पश्चिम तलावाच्या कमळांतले पुंकेसरांच्या टोकावरचे पांढरे दाणे काढून ग्रीन टीबरोबर थर लावतात, पुन्हा पुन्हा. १ किलो चहाला हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त फुलं लागतात. तो चाखायचा झाला तर मोगऱ्याच्या आधी. सुवास फार हळवा असतो.

मोजमाप

'मला दोन्हींत फरक कळतो' असं म्हणणाऱ्यांसाठी एक चाचणी. तीन सारखे कप घ्या, दोनांत एकच चहा, तिसऱ्यात दुसरा. कुठला वेगळा ते न बघता सांगायचं. कप दुसऱ्याने मांडायचे, जागा प्रत्येक वेळी बदलायच्या. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता एक तृतीयांश. ६ फेऱ्यांत ५ किंवा ६ वेळा बरोबर आलं तर ते नशिबाने होण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आत, म्हणजे फरक खराच कळतोय. ६ पैकी ४ वर समाधान मानू नका, ते अंदाजपंचेही १० टक्के वेळा जमतं. दोन मोगऱ्यांची तुलना करताना हे जरूर करा. मोगरा विरुद्ध पुदिना असेल तर अर्थातच गरज नाही.

चहाटळ

मोगरा आणि पुदिना यांत ६ पैकी ४ आले तर चहा सोडा, डॉक्टर गाठा.

घोटभर

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. मला जे झेपतंय ते असं: ३ ग्रॅम, १५० मिली, फुलं वेचून. ग्रीन ८० अंशांवर ३ मिनिटं, व्हाइट ९० वर ५ मिनिटं, मग प्रत्येकाचं दुसरं पाणी. साधे कप सोबत. गुण दोन रकान्यांत, नाक बंद आणि नाक उघडं.

आणि हो, सिल्व्हर नीडलचा चोथा बघितला. सगळ्या कळ्या एकसारख्या पोपटी, तपकिरी ठिपकासुद्धा नाही. दुसऱ्या पाण्यात मोगरा व्यवस्थित आहे, तिसऱ्यात अंधूक.

पानपारखी

मग तो ग्रीन. मुरवलेला आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यावरून उघड आहे, म्हणजे माल बरा आहे, गट तेवढा चुकलेला. त्याला ९० अंश देऊ नका, ८० ठीक. नुसत्या कळ्या असल्यामुळे ३ ऐवजी ४ मिनिटं द्या. मोगऱ्याच्या ग्रीनच्या लगेच आधी ठेवा, दोघांची तुलना थेट करता येईल. तुमच्या सहांत खरी रंगणारी जोडी तीच आहे.

रसना

त्या दोघांत एकाला ३ आणि दुसऱ्याला ४ मिनिटं नको. थेट तुलना म्हणताय तर दोघांनाही ३ मिनिटं आणि दुसऱ्या पाण्याला ५. मोजमाप यांचा पहिला मुद्दा निदान एका जोडीपुरता तरी पाळला जाईल.

मोजमाप

शेवटी आलात ना लायनीवर!

गाळणी

चाखून झाल्यावर डबे एकाच कपाटात कोंबू नका. लिंबू आणि पुदिना वेगळ्या खणात, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. व्हाइटची लव शेजारचा वास भराभर ओढते. ग्रीन फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर बाहेर काढल्यावर डबा पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर आतल्या पानांवर दव धरतं आणि सुवासाचा निकाल लागतो. साधा व्हाइट टी वर्षानुवर्षं ठेवून मुरतो म्हणतात ते फ्लेवर्डला लागू नाही. पीच आणि लिंबू सहा-आठ महिन्यांत संपवा.

निवांत

आणि चाखून उरलेली पानं?

वाफाळ

फुलांचे आणि पीचचे थंड पाण्यात टाका. १०० मिलीला १ ग्रॅम या हिशेबाने कोरडी पत्ती, फ्रिजमध्ये ६ ते ८ तास, मग गाळून त्याच दिवशी संपवायचं. कडू-तुरट भाग थंड पाण्यात कमी उतरतो, त्यामुळे जो पीच गरम असताना पोकळ वाटला तो इथे बरा लागतो. लिंबू-आल्याचं मात्र थंडात जमत नाही, आल्याचा तिखटपणा नीट उतरतच नाही. चाखून झालेला ओला चोथा पुन्हा वापरायचा असेल तर तेवढ्याच तासाभरात. रात्रभर बाहेर राहिलेला सरळ कुंडीत.